वेष्टनावरील वाङ्मय

समीक्षा म्हटली की कविता, कथा, कादंबरी आणि फार तर नाटक एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु आपल्या कुटुंबांत सर्वांत अधिक वाचले जाणारे वाङ्मय कोणते, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे प्रामाणिक उत्तर ग्रंथालयात सापडणार नाही. ते न्हाणीघरातील फळीवर आणि स्वयंपाकघरातील मोरीजवळ सापडेल. साबणाची वेष्टने, टूथपेस्टच्या नळ्या, शाम्पूच्या पुड्या, फरशी पुसण्याच्या द्रवाच्या बाटल्या ह्यांवरील मजकूर नुकतीच अक्षरओळख झालेल्या नातवापासून चष्मा शोधणाऱ्या आजीपर्यंत सर्वांच्या नजरेखालून रोज जातो. त्याला लेखक असतो, शैली असते, त्याची शब्दकळा काळानुसार बदलते, आणि वाचकाच्या वर्तनावर त्याचा होणारा परिणाम तर कोणत्याही कवीला हेवा वाटावा असा असतो. एवढे असूनही त्याची समीक्षा मात्र कोणी करीत नाही.

गेल्या काही वर्षांत ह्या वाङ्मयात एक नवा प्रवाह आला आहे. ‘विषमुक्त’, ‘रसायनमुक्त’, ‘प्लास्टिकमुक्त’, ‘निसर्गस्नेही’ हे त्याचे परवलीचे शब्द. आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण कुटुंबे त्याकडे वळत आहेत. घरात लहान मूल आले की आईवडील साबणाची वडी बदलतात, बांबूचा ब्रश आणतात, प्लास्टिकच्या बरण्या बाजूला ठेवून काचेच्या घेतात. ह्या धडपडीमागील हेतू शुद्ध आहे, ह्याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. आमचा प्रश्न शब्दांविषयीचा आहे. ज्या शब्दांवर विसंबून माता आपल्या अर्भकाच्या अंगाला काय लावायचे ते ठरवते, ते शब्द जबाबदारीने लिहिलेले आहेत काय, हे तपासणे समीक्षेचे काम आहे; आणि म्हणूनच ह्या वेळी ह्या दुर्लक्षित वाङ्मयाकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते.

ह्या वाङ्मयाचा आपल्याकडील इतिहास पाहिला तर त्याची तीन युगे ठळकपणे दिसतात. पहिले युग शुभ्रतेचे. १९५९ साली सर्फ ही धुण्याची पावडर भारतात आली आणि १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल ह्यांनी निर्मा सुरू केली. निर्माची पिवळी पावडर सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त होती. तिला उत्तर देण्यासाठी १९८० च्या दशकात जाहिरातकार अलिक पदमसी ह्यांच्या लिंटास संस्थेने ‘ललिताजी’ हे पात्र निर्माण केले आणि कविता चौधरी ह्यांनी ते रंगविले. भाजी पारखून घेणारी, पैशाचा हिशेब ठेवणारी ही गृहिणी पडद्यावर प्रेक्षकाशी चक्क वाद घालीत असे. वाङ्मय म्हणून त्या जाहिरातीचे मोल आम्ही नाकारणार नाही. तिच्यात एक व्यक्ती होती आणि एक युक्तिवादही होता. तो पटला नाही तर दुसरी पावडर घेण्याचे स्वातंत्र्य प्रेक्षकाला होते, आणि ते असंख्यांनी घेतले. दावा एकच: कपडा पांढरा होईल. तो खरा की खोटा हे दोरीवर वाळणाऱ्या सदऱ्याकडे पाहून ठरविता येई.

दुसरे युग जंतूंचे. येथे दाव्याचे स्वरूप पालटले. शुभ्रता डोळ्यांना दिसते. जंतू दिसत नाहीत. जे दिसत नाही त्याची भीती घालणे आणि जे दिसत नाही तेच नष्ट केल्याचे सांगणे, ही ह्या युगाची लेखनरीती. ह्या दाव्याची परीक्षा अखेर अमेरिकेत झाली. तेथील अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बन ह्यांसह १९ घटक असलेल्या जंतुनाशक साबणांची सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्री थांबविण्याचा निर्णय दिला. हे साबण साध्या साबणापाण्यापेक्षा अधिक गुणकारी आहेत आणि दीर्घकाळ वापरण्यास निर्धोक आहेत, हे उत्पादकांना सिद्ध करता आले नाही, असे त्याचे कारण देण्यात आले. म्हणजे वर्षानुवर्षे जे वाक्य वेष्टनावर छापले जात होते, त्याला आधार देण्याची वेळ आली तेव्हा लेखक निरुत्तर झाला.

तिसरे युग निसर्गाचे, आणि त्यात आपण आज वावरत आहोत. वेष्टनावर हिरवे पान, पाण्याचा थेंब आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द. हा शब्द वाचताच आपले मन सैल होते. परसातली तुळस, आजीच्या हातचे तेल, न्हाणीतील चुलीवर तापलेले पाणी हे सारे त्या एका शब्दाबरोबर आठवते. परंतु समीक्षकाने विचारले पाहिजे: ह्या शब्दाचा अर्थ काय? वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना मशेरी आठवत असेल. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ही काळी पूड कोकणपट्टीतील कित्येक घरांत स्त्रिया दात घासण्यासाठी वापरीत. ती पूर्णपणे नैसर्गिक होती, घरी तयार होत असे, आणि तिला प्लास्टिकचा स्पर्शही नव्हता. तिने तोंडाचा कर्करोगही दिला. दुसरे उदाहरण रिठ्याचे. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे फेस आणणारे द्रव्य असते. त्यामुळे रेशमी लुगडी, लोकरीचे कपडे आणि सोन्याचे दागिने धुण्यास त्यासारखे सौम्य दुसरे काही नाही. परंतु हेच सॅपोनिन माशांच्या जिवावर उठते, आणि म्हणून रिठा कुटून पाण्यात टाकून मासे गुंगविण्याची रीत अनेक ठिकाणी होती. रिठा वापरू नये असे आम्ही म्हणत नाही. तो अवश्य वापरावा. आम्ही एवढेच दाखवितो आहोत की एखादी वस्तू झाडावर उगवली ह्यावरून ती कोणाला, किती प्रमाणात आणि कशी बाधते हे कळत नाही.

‘रसायनमुक्त’ हा शब्द तर ह्याहून दुबळा आहे. पाणी हेही रसायनच. ज्या वडीवर हा शब्द छापलेला असतो ती वडीसुद्धा तेल आणि कॉस्टिक सोडा ह्यांच्या संयोगातूनच साबण झालेली असते. जो शब्द अक्षरशः खरा असूच शकत नाही, तो छापणाऱ्याने वाचकाच्या शालेय शिक्षणाचा अपमान केला आहे, असे आम्ही समजतो. समाधानाची गोष्ट अशी की शासनालाही ह्या शब्दांची दखल घ्यावीशी वाटली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ‘नैसर्गिक’, ‘हरित’, ‘सेंद्रिय’, ‘पर्यावरणस्नेही’ यांसारखे शब्द मोघमपणे वापरू नयेत, त्यांना स्पष्टीकरण आणि पुरावा जोडावा, असे त्यांत सांगितले आहे. एका अर्थी ही वाङ्मयसमीक्षाच आहे: विशेषण वापरायचे असेल तर त्याचा आधार दाखवा.

मग वेष्टनावर वाचण्याजोगे काहीच नसते काय? असते, परंतु ते मोठ्या अक्षरांत नसते. भारतीय मानकांप्रमाणे टॉयलेट सोपच्या तीन प्रती आहेत आणि त्या साबणातील एकूण स्निग्ध द्रव्यावरून, म्हणजे टी.एफ.एम. ह्या आकड्यावरून ठरतात. पहिल्या प्रतीत तो किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६० असावा लागतो. ज्या वडीवर ‘टॉयलेट सोप’ऐवजी ‘बेदिंग बार’ असे शब्द असतात तिचे मानक वेगळे आहे आणि त्यात हा आकडा ४० पर्यंत खाली येऊ शकतो. पुढच्या बाजूला गुलाबाचे चित्र आणि मागच्या बाजूला हा लहानसा आकडा! आमच्या मते त्या संपूर्ण मजकुरातील खरे वाक्य हा आकडाच होय. तसेच सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. म्हणजे पुढे कोरफडीचे भले मोठे पान असेल आणि मागे यादीच्या शेपटाशी कोरफडीचा उल्लेख असेल, तर चित्रकार आणि लेखक ह्यांचे एकमत झालेले नाही, असे वाचकाने खुशाल समजावे. त्याच यादीत ‘परफ्यूम’ असा एक शब्द बहुधा असतो. ह्या एका शब्दाच्या पोटात कित्येक घटक सामावलेले असू शकतात. ज्यांच्या मुलांच्या त्वचेवर चट्टे उठतात त्यांनी हिरव्या पानापेक्षा ह्या शब्दाकडे अधिक लक्ष द्यावे. सुगंध नसलेली वस्तू बहुधा अधिक सुरक्षित असते.

घरातील विषाविषयी जबाबदारीने कसे लिहावे, ह्याचा एक नमुना ह्या ठिकाणी वाचकांपुढे ठेवणे उचित होईल. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेचल कार्सन ह्यांचा ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. शेतांवर फवारलेले डी.डी.टी. आणि त्यामुळे मरणारे पक्षी ह्यांच्या वर्णनासाठी तो जगभर ओळखला जातो. परंतु त्यातील अकरावे प्रकरण शेतातून निघून थेट घरात शिरते. त्याच्या शीर्षकात बोर्जिया घराण्याचा उल्लेख आहे. सहावे अलेक्झांडर हे पोप ह्याच घराण्यातील. चर्चच्या इतिहासातील हे काही अभिमानाचे पान नव्हे, आणि विषप्रयोगाच्या दंतकथा त्या नावाला कायमच्या चिकटल्या आहेत. त्या घराण्याला स्वप्नातही मिळाली नसती इतकी विषे आता सामान्य गृहिणीला दुकानात सहज मिळतात, हा लेखिकेचा उपरोध. कीटकनाशके लहान मुलांच्या हाती लागतील अशी दुकानात मांडलेली असतात आणि धोक्याची सूचना अतिशय बारीक अक्षरांत असते, हे तिने साठ वर्षांपूर्वी दाखवून दिले.

कार्सनच्या लेखनाचा गुण कोणता? ती द्रव्याचे नाव सांगते, ते शरीरात कोणत्या वाटेने शिरते ते सांगते, आणि मग थांबते. तिचे लेखन भय निर्माण करते, परंतु ते भय नेमक्या जागी नेऊन ठेवते. आजचा विषमुक्ततेचा प्रवाह तिचे नाव अभिमानाने घेतो, पण तिची शिस्त घेत नाही. तो शाम्पूविषयी धास्ती निर्माण करतो आणि घरातील खऱ्या विषांविषयी मौन बाळगतो. ह्या मौनाची तीन उदाहरणे आम्ही देतो.

पहिले उदाहरण डांबरगोळीचे. ती नॅफ्थलीनची असते. काही मुलांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराची जन्मजात उणीव असते, आणि आपल्या देशात ही उणीव दुर्मीळ नाही. अशा अर्भकाला डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे तसेच घातले तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, कावीळ होते, कधी जीव धोक्यात येतो. आपल्या कित्येक घरांत पिढ्यानपिढ्या जपलेला बाप्तिस्म्याचा झगा ट्रंकेत कशात ठेवलेला असतो, ह्याचा प्रत्येक आजीने विचार करावा. डांबरगोळी काढून टाकावी, आणि झगा समारंभापूर्वी चांगला धुऊन, उन्हात वाळवून मगच बाळाच्या अंगावर चढवावा. ह्यासाठी कोणतीही नवी वस्तू विकत घ्यावी लागत नाही. कदाचित म्हणूनच ती सूचना कोणी छापीत नाही.

दुसरे उदाहरण संडास धुण्याच्या ॲसिडचे. ह्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. फरशी अधिक स्वच्छ व्हावी ह्या इच्छेने त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली की क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्र येथे सैनिकांवर सोडलेला वायू तो हाच. दार बंद करून न्हाणीघर घासणाऱ्या स्त्रीचा खोकला हा स्वच्छतेचा पुरावा नसून विषबाधेची सुरुवात असते. आणि ती स्त्री पुष्कळदा घरची नसते; ती कामाला येणारी बाई असते, जिला ती सूचना वाचता येत नाही किंवा जिच्या भाषेत ती छापलेलीच नसते. जुन्या सरबताच्या बाटलीत भरून ठेवलेल्या ॲसिडवर तर काहीच छापलेले नसते.

तिसरे उदाहरण डासांच्या कॉइलचे. तिच्या धुराविषयी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की एक कॉइल जळताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असतात. ज्या घरात पाहुण्याला विडी विझवावयास सांगितले जाते, त्याच घरात मुलांच्या उशाशी रात्रभर कॉइल जळत असते. मच्छरदाणीला सुगंध नाही, तिची जाहिरातही फारशी नाही. पण ह्या विषयावरील सर्वांत चांगले उत्तर तेच आहे.

आता प्लास्टिकविषयी. ह्या बाबतीत नव्या प्रवाहाचा आग्रह मुळात योग्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २६ जुलै २००५ च्या महापुरात गटारे तुंबविणाऱ्या पिशव्या आपण विसरलेलो नाही. महाराष्ट्राने २०१८ साली आणि केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. तरीही ह्या कायद्याचा मजकूर वाचताना एक विसंगती नजरेत भरते. प्लास्टिकच्या काडीची कान साफ करण्याची कापूसकाडी बंदीच्या यादीत आहे. शाम्पूची पुडी नाही. ही पुडी अनेक थरांची असते, ते थर वेगळे करता येत नाहीत, म्हणून भंगारवालाही ती उचलत नाही. परंतु तिच्याविषयी लिहिताना तिचा जन्मही सांगितला पाहिजे. तमिळनाडूतील कडलूरच्या चिन्नी कृष्णन ह्यांनी ही युक्ती रुजविली, त्यांच्या मुलांनी ती पुढे नेली, आणि १९८० च्या दशकात ज्या स्त्रीला अख्खी बाटली कधीच परवडली नसती तिच्या हाती पहिल्यांदा शाम्पू आला. तिला पुडी टाकून दे असे सांगणे सोपे आहे; सुटे मोजून देणारा दुकानदार उभा करणे अवघड आहे. आमच्या मते सोप्या उपदेशापेक्षा अवघड कामाला मान द्यावा.

प्लास्टिकमुक्तीच्या नावाने येणाऱ्या वस्तूंची समीक्षाही ह्याच काट्याने व्हावी. बांबूच्या ब्रशची दांडी कुजते, पण त्याचे तंतू बहुधा नायलॉनचेच असतात. ‘कंपोस्ट होणारी’ म्हणून मिळणारी पिशवी साधारण ५० ते ६० अंश उष्णता टिकवून धरणाऱ्या मोठ्या खतप्रकल्पात नीट विरते. आपल्या विहिरीत, खाडीत किंवा समुद्रात ती तशी विरत नाही. कापडी पिशवीविषयी ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की हवामानावरील परिणामाच्या दृष्टीने नवी सुती पिशवी, एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येण्यास १३१ वेळा वापरावी लागते. ह्याचा अर्थ कापडी पिशवी वाईट असा नव्हे. प्रत्येक समारंभात वाटली जाणारी आणि कपाटात साचणारी नवी कोरी पिशवी हा पर्यावरणाचा उपकार नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या लुगड्याची किंवा विजारीची शिवलेली पिशवी मात्र ह्या हिशेबात बसतच नाही, कारण तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागलेला नसतो.

ह्या प्रवाहाचा सर्वांत मोठा दोष मात्र वस्तूंत नसून त्याच्या संबोधनात आहे. तो बोलतो कोणाशी? पुन्हा गृहिणीशीच. शुभ्रतेच्या युगात सदरा मळका राहिला तर दोष तिचा. जंतूंच्या युगात मूल आजारी पडले तर दोष तिचा. आता समुद्र घाण झाला तर तोही दोष तिचाच. पाळीच्या काळात प्लास्टिकचे पॅड टाकून पुन्हा कापड वापरा, असा सल्ला आज सर्रास दिला जातो. कापड स्वच्छ राहण्यासाठी पुरेसे पाणी आणि उघड्यावर ऊन लागते. ज्या मुलीला एका खोलीच्या घरात ते कापड कोठे वाळत घालावे हा प्रश्न पडतो, तिला हा सल्ला देण्यापूर्वी लेखकाने तिची खोली पाहून यावे. जो मजकूर वाचकाची परिस्थिती न पाहता त्याला अपराधी ठरवितो, तो कितीही सुंदर छापलेला असला तरी त्याला आम्ही चांगले लेखन म्हणणार नाही.

ह्या संदर्भात दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकाचा उल्लेख करणे प्राप्त आहे, कारण आपल्या धर्मग्रामांत ह्या विषयावर बोलताना त्याचाच आधार बहुधा घेतला जातो. त्यात प्लास्टिक टाळणे, पाणी जपून वापरणे, कचरा वेगळा करणे अशा लहान कृत्यांचा गौरव आहे, हे खरे. परंतु वक्ते तेवढाच भाग सांगून थांबतात. त्याच परिपत्रकात थोडे पुढे असेही म्हटले आहे की व्यक्तींनी एकेकट्याने सुधारणे एवढ्या मोठ्या समस्येला पुरे पडत नाही. तिला समाजाने एकत्र येऊन उत्तर द्यावे लागते. हा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो वाचला की ओझे एकट्या गृहिणीच्या खांद्यावरून उतरून सर्वांच्या खांद्यांवर येते.

एकत्र म्हणजे काय, हे आपल्याला नव्याने शिकावे लागणार नाही. आपल्या अनेक गावांत लग्नकार्यासाठी लागणारी भांडी सामाईक असत. ज्याच्या घरी कार्य तो ती नेई, घासून परत करी. आज सणाच्या दिवशी मंडपामागे साचणारा ताटल्यांचा आणि पेल्यांचा ढीग पाहिला म्हणजे ती भांडी कोठे गेली असा प्रश्न पडतो. महिला मंडळाने दोनशे स्टीलची ताटे घेतली तर एकाच वर्षात किती ढीग टळतील, ह्याचा हिशेब ज्याने त्याने करावा. सहकारी भांडारात धुण्याचा सोडा, भांड्यांचा द्रव, खोबरेल तेल सुटे मिळू लागले तर घरची बरणी घेऊन जाण्यात कोणालाच कमीपणा वाटणार नाही. आणि न्हाणीघर धुणाऱ्या बाईला ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका, खिडकी उघडी ठेवा, हे तिच्या भाषेत समजावून सांगण्यास तर पैसाही लागत नाही.

समीक्षकाने शेवटी निवाडा द्यावा अशी अपेक्षा असते. तिन्ही युगांपैकी निसर्गाचे युग हेतूने उजवे आहे. पण त्याची भाषा मागील दोन्ही युगांपेक्षा अधिक मोघम आहे, आणि मोघम भाषा चांगल्या हेतूलाही अखेर बदनाम करते. वेष्टनावरील उत्तम मजकूर कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही म्हणू: ज्यात वस्तूचे खरे नाव आहे, घटक आणि त्यांचे प्रमाण आहे, धोक्याची सूचना मराठीत आणि आजीला चष्म्याने वाचता येईल एवढ्या अक्षरांत आहे, आणि रिकाम्या बाटलीचे काय करावे हे सांगितलेले आहे. असा मजकूर अद्याप आमच्या पाहण्यात फारसा आलेला नाही. तो मागण्याचा अधिकार मात्र वाचकाला आहे. वाचकहो, पुढच्या वेळी दुकानात वडी हाती घ्याल तेव्हा ती उलटी करा आणि मागची बाजू आधी वाचा.